गाळ गप्प आहे

पाचव्या मिनिटाला काचेच्या नळीतले पाणी निळे होऊ लागले आणि दहाव्या मिनिटाला ते इतके गडद झाले, की सुमेधला ती नळी खिडकीच्या उजेडात धरवेना. त्याने ती स्टँडमध्ये परत ठेवली आणि उगीचच हात पुसले. गाळातून पिळून काढलेल्या पाण्यात ठरलेले रसायन घातले, की त्यातल्या फॉस्फरसच्या मानाने निळा रंग चढतो. जितका फॉस्फरस, तितका निळा. गेल्या एप्रिलमध्ये याच तळ्याच्या, याच कोपऱ्यातल्या गाळाचे पाणी याच टेबलावर असेच ठेवले होते. तेव्हा आलेला रंग पांढऱ्या कागदासमोर धरल्याशिवाय दिसतही नव्हता आणि त्या पुसटपणाच्या आधारावर त्याने अहवालात एक वाक्य लिहिले होते: ‘तळाच्या गाळातील फॉस्फरस लोहाशी घट्ट बांधलेला असून तो पाण्यात परतण्याची शक्यता सध्या कमी आहे.’ ते वाक्य त्याला पाठ होते. शाळेत पाठ केलेल्या कविता मागाहून निसटून गेल्या, हे वाक्य मात्र आंघोळ करताना, स्कूटर लावताना, आई मीरा ताट वाढत असताना कुठूनही सुरू होई आणि ‘सध्या कमी आहे’पाशी येऊन थांबे.

सुरुची मॅडम मागून आल्या. महाविद्यालयाची ही छोटी प्रयोगशाळा त्यांचीच. सुमेध त्यांचा संशोधन साहाय्यक. त्यांनी यंत्रावरचा आकडा वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला.

“बाराशे? परत लाव.”

“तीनदा लावलं, मॅडम.”

“गेल्या वर्षी किती होतं?”

“साठ.”

“म्हणजे वीसपट.” त्या नळीकडे वाकल्या. “एका वर्षात गाळ इतका बदलतो का रे?”

“ऊन जास्त आहे या वर्षी,” सुमेध म्हणाला.

त्या मान हलवून परीक्षेचे पेपर तपासायला निघून गेल्या. सुमेधला वाटले, त्या आणखी एक प्रश्न विचारतील, नुसते ‘खरंच?’ म्हटले असते तरी पुरले असते. पण त्याच्यावर विश्वास ठेवण्याची लोकांना सवय होती. अबोल माणसाच्या बोलण्यात खोट नसते असा एक समज आहे, आणि त्या समजाच्या सावलीत तो लहानपणापासून वाढला होता. एका वर्षात गाळ बदलत नाही, हे त्याच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? गाळाला घाई नसते. त्याच्यात पालापाचोळा उतरतो, साबणाचा फेस उतरतो, शेजारच्या इमारतींच्या संडासांचे पाणी उतरते, आणि तो कोणतीही तक्रार न करता सगळे पोटात घेतो. लोखंडाचे कण फॉस्फरसला धरून ठेवतात. तळाशी हवा पोहोचते आहे तोवर त्यांची पकड सुटत नाही. वर पाणी निवळ दिसते, खंड्या सूर मारतो, माणसे कट्ट्यावर बसून म्हणतात, तळे सुधारले. मग एखाद्या उन्हाळ्यात पाणी उतरते, तापते आणि तळाची हवा संपते. त्यातून जमिनीखालून समुद्राचा खार आत शिरलेला असेल, तर त्याच्यापासून तयार होणारे गंधकाचे विष लोखंडाला आपल्याकडे ओढून काळे करून टाकते. धरणारे हात असे एकेक करून सुटत जातात. वर्षानुवर्षांचे पोटातले तेव्हा वर येऊ लागते. बाहेरून नवे काहीही आलेले नसते. वर हिरवे शेवाळ माजते, मरते, खाली बसते, कुजताना उरलीसुरली हवा खाऊन टाकते, आणि त्यामुळे आणखी काही सुटते. तळे स्वतःलाच खात राहते. हे सारे त्याने परिषदेत नीट आकृत्या काढून सांगितले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

बावखल हा शब्द सुमेधला वसईत राहूनही वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हता. तो तुळिंजचा, रेल्वेच्या पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, जिथे पाणी टँकरने येते आणि पंपाने वर चढते. सांडोरच्या पुढच्या त्या गावात तो पहिल्यांदा गेला तेव्हा केळीच्या वाड्यांमधली ती आयताकृती शांत तळी, म्हणजेच बावखले, पाहून त्याला वाटले होते, कोणीतरी जमिनीत आरसे पुरून ठेवले आहेत. तिथले वाडीवाले बॅप्टिस्टकाका तेव्हा हसले होते. “आरसा कसला, हौद आहे तो वाडीचा. आजोबांनी खणला. ह्याचं पाणी केळीला, आणि ह्याचा गाळही केळीलाच.” दर वर्षी उन्हाळ्यात पाणी कमरेपर्यंत उतरले की आळीतली सगळी घरे मिळून बावखलात उतरायची, घमेल्यांनी गाळ काढायची आणि बुंध्याशी टाकायची. “तुमचं ते नत्र, स्फुरद, पालाश पोत्यावर छापून यायच्या आधीपासून,” काका म्हणाले होते. केळीच्या वाडीतून जे पाण्यात गेले ते परत केळीच्या वाडीत. सुमेधने इतके सोपे आणि इतके पूर्ण चक्र कुठल्याही पुस्तकात पाहिले नव्हते. पुढे वाड्यांच्या कडेला इमारती आल्या, त्यांचे नाले बावखलात शिरले आणि त्या घाणीत उतरायला कोणी तयार होईना. बारा वर्षे गाळ निघाला नाही. दोन वर्षांपूर्वी गावाने भांडून नाले वळवून घेतले, आणि प्रश्न उरला तो तळाशी बसलेल्या बारा वर्षांचा. तो काढायचा की राहू द्यायचा? काकांचे म्हणणे होते, काढायचा. तरुण मंडळी म्हणाली, आधी तपासून घेऊ. म्हणून सुमेध.

गेल्या एप्रिलमधला तो दिवस त्याने इतक्यांदा मनात उलगडला होता, की आता त्याच्या घड्यांवर तो विरू लागला होता. काकांचा मुलगा जेन्सन, बँकेतून रजा घेऊन आलेला, टायरच्या ट्यूबवर बसून मध्यापर्यंत गेला आणि त्याने लांब पारदर्शक नळ्या गाळात खुपसून वर आणल्या. फणसाखाली सुमेधने एकेका नळीतला गाळ बाहेर ढकलला आणि त्याच्या वड्या कापल्या. काळ्याभोर, ओल्या, चकाकणाऱ्या वड्या. कुजक्या अंड्याच्या वासाच्या. कापल्या की क्षणाचाही विलंब न लावता त्या हवाबंद बाटल्यांत भरायच्या असतात. हवा लागली की त्यांच्यातले लोखंड पुन्हा जागे होते, सुटलेल्या फॉस्फरसला पुन्हा धरते, आणि मग गाळ तपासणाऱ्याला हवे तेच सांगतो. सगळ्या वड्या कापून तबकात मांडल्या होत्या आणि बाटल्यांची बुचे तो उघडतच होता, एवढ्यात ओट्यावरून बॅप्टिस्टकाकांच्या पत्नीची, कार्मिनकाकींची, हाक आली.

“ए मुला, जेवायला ये. गाळ काय पळून जातोय?”

“दहा मिनिटं, काकी,” असे म्हणायचे होते. ते शब्द त्याच्या घशात तयारही झाले होते. पण काकी ओट्याच्या पायरीवर हात पुसत उभ्या होत्या, आत पाट मांडलेले दिसत होते, काका हात धुऊन थांबले होते, आणि परक्या घरात चार माणसांना खोळंबून ठेवणे सुमेधला कधीच जमले नव्हते. तो उठला. तांदळाची भाकरी, बोंबलाचे कालवण, वर उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. त्याने अर्धीच भाकरी खाल्ली म्हणून काकींनी दुसरी वाढली, ती संपेना म्हणून त्याने माफी मागितली, आणि काकी म्हणाल्या, “हा मुलगा जेवतो कमी आणि माफी जास्त मागतो.” सगळे हसले. मग काकांनी आजोबांच्या गोष्टी सुरू केल्या. सुमेध ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फणसाखालचे तबक होते. पावणेदोन तासांनी तो उठून गेला तेव्हा वड्यांच्या कडा तांबूस झाल्या होत्या. काळ्यावर गंजाची पातळ साय धरली होती. तो कितीतरी वेळ त्या सायीकडे पाहत उकिडवा बसला. हे टाकून द्यायला हवे होते. जेन्सनला पुन्हा पाण्यात पाठवायला हवे होते; पण जेन्सन आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून कुठेतरी निघाला होता. जाता जाता त्याने विचारले, “झालं ना, डॉक्टर?” आणि सुमेध म्हणाला, “झालं.”

इतकेच घडले होते. याहून लहान गोष्ट माणसाच्या हातून घडू शकत नाही, असे त्याने स्वतःला कितीदा तरी सांगितले. त्याला हेही माहीत होते, की हे पहिल्यांदा घडलेले नव्हते. नऊ वर्षांचा असताना तो न विचारता गच्चीवर गेला होता आणि पाण्याच्या टाकीचे झाकण सरकलेले पाहून आत डोकावला होता. आत एक कबूतर तरंगत होते, पंख पसरून, जणू अजून उडते आहे. गच्चीवर जायला त्याला मनाई होती. सांगायचे तर गेलो होतो हे कबूल करावे लागले असते. चार दिवस तो बोलला नाही. चार दिवस बाबा दिनानाथ त्याच नळाचे पाणी तांब्याने प्यायले, शेजारच्या तान्ह्या बाळाचे दूध त्याच पाण्यात ढवळले गेले, आणि सुमेध प्रत्येक पेल्याकडे पाहत राहिला. पाचव्या दिवशी वॉचमनने ते कबूतर काढून फेकले. कोणाला काही झाले नाही. कोणाला काही झाले नाही, हेच वाईट झाले. कारण त्याच्या आत कुठेतरी, अगदी तळाशी, त्या दिवशी काहीतरी बसले: गप्प राहिले तर दिवस निघून जातात.

अहवाल गावच्या सभेत वाचला गेला तेव्हा तो मागच्या खुर्चीत होता. बॅप्टिस्टकाका एकटेच उभे राहून म्हणाले होते, “कागद काय म्हणतो ते म्हणो, गाळ काढलेला बरा.” जेन्सन म्हणाला, “पप्पा, सायन्स आहे ते. उगाच कशाला ढवळायचं?” काकांनी मागे वळून सुमेधकडे पाहिले. त्या नजरेत प्रश्न होता, आणि थोडी आशाही. सुमेधने आपल्या बुटांकडे पाहिले. मग काका खाली बसले आणि म्हणाले, “ठीक आहे. कागद म्हणतो गाळ गप्प आहे, तर राहू दे गप्प.” पावसाळ्यात गावाने बावखलात रोहू आणि कटला सोडले. मे महिन्यात गावच्या क्रुसाचा सण. त्याच्या आदल्या दिवशी जाळे टाकून मासे काढायचे आणि आळीतल्या एकेका घराला सारखा वाटा द्यायचा, अशी ती जुनी रीत बारा वर्षांनी पुन्हा सुरू व्हायची होती. सण आता आठ दिवसांवर होता. आणि यंदा सुमेधने नळ्या बंदच्या बंद प्रयोगशाळेत आणल्या होत्या, नायट्रोजन भरलेल्या पिशवीत हात घालून उघडल्या होत्या, हवेचा कणही आत जाऊ दिला नव्हता. गाळ या वेळी जसा होता तसाच बोलला होता.

रविवारी सकाळी तो निघाला तेव्हा ठरवून निघाला होता. पूल ओलांडून पश्चिमेला उतरताना त्याने वाक्ये जुळवली, वसई गावातल्या ‘होळी’ नावाच्या बाजारापाशी ती मोडली, पुढे पुन्हा जुळवली. आभाळ भरून आले होते, पण वारा नव्हता. केळीची पाने लोंबत होती. बावखल त्याला लांबूनच दिसले आणि त्याने स्कूटर बंद केली. पाणी कमरेइतकेच उरले होते आणि ते हिरवे होते. झाडांच्या सावलीचा हिरवा नव्हे, रंगाच्या डब्यातला हिरवा, कडेला दाट साय धरलेला. चर्चमधली मिस्सा सुटली होती. आळीतली पंधरावीस माणसे कट्टा झाडत होती, क्रुसाला चुना लावत होती. मुले कपडे न बदलताच पळत होती. बॅप्टिस्टकाका पायरीवर बसून पाण्याकडे पाहत होते.

“ये. तुझीच आठवण काढत होतो,” ते म्हणाले. “चार दिवसांत हा रंग आला. वरून तर काही येत नाही आता. मग कुठून आलं हे?”

सुमेध त्यांच्या शेजारी बसला. जुळवलेली वाक्ये कुठेच नव्हती.

“खालून,” तो म्हणाला. “काका, मागच्या वर्षीचा माझा आकडा चुकीचा होता.”

“चुकीचा की खोटा?”

त्याने विचार केला. हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. “चुकीचा झाला. मग मी तो लिहिला.”

काकी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. चुन्याचे हात तसेच अधांतरी धरून.

“कधी कळलं तुला?” काकांनी विचारले.

“त्याच दिवशी. तुमच्याकडून जेवून उठलो तेव्हा. वड्यांना हवा लागली होती. मला काकींना थांबा म्हणता आलं नाही.”

“म्हणजे माझ्या बोंबलाचा दोष,” काकी म्हणाल्या. हसण्यावारी न्यायचा तो प्रयत्न होता. पण हसू चेहऱ्यावर आले नाही. “अरे, एका शब्दाचा तर प्रश्न होता. जेवण झाकून ठेवलं असतं मी.”

काका त्यांच्याशी घरच्या बोलीत काहीतरी बोलले. सुमेधला ती बोली अर्धीच कळत असे. त्याला फक्त ‘वरीस’ हा शब्द कळला. मग ते उठले, वाडीतल्या खोपटात गेले आणि फावडे व एकात एक घातलेली घमेली घेऊन आले. घमेली त्यांनी कट्ट्यावर आदळली. सगळी माणसे वळली.

“जेन्सन, पँट दुमड. गाळ काढायचाय. सणाच्या आत ह्या बाजूचा तरी निघेल.”

सुमेध उठून उभा राहिला. सांगायचे होते ते त्याने सांगितले होते, आणि आता त्याच्या ध्यानात येत होते, की जे खरोखर सांगायला हवे ते अजून राहिलेच आहे. “काका, आज नको. आधी मासे काढा. मग पाणी उपसा, मग गाळ. पाणी असताना, मासे असताना ढवळला तर खालचं सगळं वर येईल. हवा संपेल पाण्यातली.”

“माझ्या बापानं दर वर्षी असाच काढला. एक मासा मेला नाही.”

“तो एका वर्षाचा गाळ होता. हा बारा वर्षांचा आहे.”

“थांब ना, डॉक्टर,” जेन्सन म्हणाला. तो रागावला नव्हता. पँट दुमडत शांतपणे बोलत होता. “लास्ट इयर तू बोलला, हात लावू नका. आज पण बोलतो, हात लावू नका. तुझं उत्तर चेंज झालं की फक्त कारण चेंज झालं?”

कोणीतरी हसले. सुमेधकडे उत्तर होते. ते लांब होते आणि अगदी बरोबर होते. त्यात लोखंड होते, गंधक होते, ढगाळ हवेत वाऱ्यावाचून कोंडलेले पाणी होते. पण कालपर्यंत त्याच्या शब्दामागे जे उभे असायचे ते आता तिथे नव्हते. ते त्याने स्वतःच, पंधरा मिनिटांपूर्वी, पायरीवर बसून काढून घेतले होते. खरे बोलल्यावर माणूस मोकळा होतो असे म्हणतात. त्याला मात्र जाणवले ते इतकेच, की आता त्याचे खरे आणि त्याचे खोटे एकाच वजनाचे झाले आहे.

“उतरू नका,” तो म्हणाला. आवाज मोठा निघाला. आपला आवाज इतका मोठा असू शकतो हे त्याला ठाऊक नव्हते. माणसांनी पाहिले, आणि एक एक करत ती पायऱ्या उतरू लागली. बारा वर्षांनी उतरत होती. त्यांच्या अंगात सणाचा उत्साह होता, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत ओळख होती. पहिले घमेले भरले, दुसरे भरले, कट्ट्यावरून हातोहात केळीच्या बुंध्याकडे गेले. पाण्यात पावलांमागून काळे ढग उठत होते, हिरव्यात मिसळत होते, आणि हळूहळू मध्याकडे सरकत होते. वास आला. मुलांनी नाके धरली आणि एकमेकांवर ढकलले, तू केलंस, तू केलंस.

मग एक रोहू वर आला. कार्मिनकाकींच्या अगदी समोर, हातभर लांब, तोंड पाण्याबाहेर काढून. काकींनी दोन्ही हातांनी तो अलगद धरला आणि तो सुटून पळालाही नाही.

“बघा, कसा भेटायला आला,” त्या म्हणाल्या.

दुसरा आला, तिसरा आला. जेन्सनने एकाला शेपटीपाशी उचलले आणि लोकांनी गलका केला. जाळ्याची गरजच नाही म्हणाले, सण आजच करू म्हणाले. सगळीकडे हसणे होते. फक्त बॅप्टिस्टकाका थांबले होते. त्यांच्या गुडघ्याशी एक कटला तोंड उघडत होता, मिटत होता, उघडत होता, आणि ते त्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी फावडे बगलेला धरले आणि पाण्यापलीकडून सुमेधकडे मान वर केली. त्या नजरेत आता शंका उरली नव्हती.

“किती वेळ आहे?” त्यांनी विचारले.

सुमेधने तोंड उघडले. अर्धा तास म्हणता आले असते, एक तास म्हणता आले असते. त्यांनी कोणताही आकडा घेतला असता.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

काका वळले आणि माणसांना बाहेर या म्हणून हाका मारू लागले, पण हसण्यात ते कोणाला ऐकू गेले नाही. बावखलाच्या मधोमध, जिथे अजून कोणाचेही पाऊल पडले नव्हते, तिथेही हिरवी साय फाटू लागली होती, आणि तिच्यातून एकामागून एक तोंडे उघडत होती.